अडीच मिलिमीटर

हाताने घडवलेली चांगली क्लासिकल गिटार पहिल्यांदा हातात घेतली की माणूस दचकतो तो तिच्या हलकेपणाने. एवढं मोठं खोकं, लांब दांडी, खुंट्यांची पितळी यंत्रणा, आणि सगळं मिळून वजन दीड किलोच्या आसपास. नारळ, तांदूळ आणि फळं ठेवलेलं पूजेचं ताट याहून जड भरेल. या दीड किलोच्या वस्तूवर सहा तारा चढवून सुरात आणल्या की त्यांचा एकत्रित ताण होतो ३८ ते ४० किलो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर तिसाच्या आसपास असतो. म्हणजे सिलिंडरपेक्षा जास्त ओढ रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, एका लाकडी पाटीला सोसावी लागते. ती पाटी किती जाड? साधारण अडीच मिलिमीटर. कडांपाशी त्याहून पातळ.

गिटार बनवणाऱ्याची सगळी विद्या या आकड्याभोवती फिरते. पाटी जाड ठेवली तर गिटार पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि पिढ्यान्‌पिढ्या घुमी राहते. फार पातळ केली तर काही वर्षं गोड बोलते. मग तारा जिला बांधतात त्या घोडीच्या मागे पाटीचं पोट फुगतं आणि पुढे खळगा पडतो. सुताराचं काम लाकडाला लाकूड जोडण्याचं. गिटारवाला जोडतो थोडं आणि काढून टाकतो फार. कुठे थांबायचं हे कळायला त्याची दहा-पंधरा वर्षं जातात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मिरजेचे सतारमेकर सतारीच्या वरच्या पाटीला तबली म्हणतात. गिटारच्या पाटीला मराठीत वेगळा शब्द नाही, म्हणून इथे तोच उसना घेतला आहे. दांडी, घोडी, खुंटी, पडदा हे शब्दही त्यांच्याच कारखान्यातले. वाद्य परकं असलं तरी सांधे ओळखीचे आहेत.

नुसती ताणलेली तार जवळपास मुकी असते. ती इतकी बारीक, की हवेला ढकलण्याऐवजी तिच्यातून आरपार निघून जाते. तिचं थरथरणं घोडीतून तबलीत उतरतं आणि तबलीचा सगळा पसारा हलायला लागला की मग हवा हलते. खोक्यातली हवाही भोकातून आत-बाहेर होत खर्जाला भर घालते. तोंडाने फुंकलेल्या बाटलीतून घुमणारा आवाज येतो ना, त्यातला प्रकार. आता तबलीचं गणित बघा. पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिलिमीटरची तबली खरवडून २.४ केली, म्हणजे वहीची पाच-सहा पानं होतील एवढंच लाकूड काढलं, तर ताठपणा निम्म्यावर येतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवतात आणि पोलादी पत्र्याच्या धारेने भुसा नव्हे, पापुद्रे काढतात. चार पापुद्रे काढायचे, तबली दोन बोटांत वर धरायची, दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करायची, ऐकायचं, किंचित वाकवून बघायची, पुन्हा चार पापुद्रे.

तबलीचं लाकूड बहुधा स्प्रूस, युरोपातल्या आल्प्सच्या उंच उतारांवरचं. थंडीत झाड हळू वाढतं, वर्षाची वलयं एकमेकांना चिकटून पडतात आणि लाकूड वजनाच्या मानाने विलक्षण ताठ होतं. ओंडका आडवातिडवा कापत नाहीत. खोडाच्या मध्यापासून सालीकडे, कलिंगडाच्या फोडी काढाव्यात तसा उभा फोडतात, म्हणजे रेषा पाटीत सरळ उभ्या येतात. मग एकच फळी जाडीत मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि दोन्ही पानं मध्यरेषेवर चिकटवायची. डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब. मध्यरेषा घट्ट जमली आहे की नाही हे बघायला कारागीर दोन्ही कडा जुळवून खिडकीसमोर धरतो. प्रकाशाची बारीक रेघ दिसली की परत रंधा.

आज जिला आपण क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आराखडा बहुतांशी एका माणसाने पक्का केला. आंतोनियो दे तोर्रेस. जन्म १८१७, दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरिया शहराजवळ. बाराव्या वर्षी सुतारकाम शिकायला लागला. बायको तरुणपणीच क्षयाने गेली, डोक्यावर देणी होती. तो सेव्हिलला आला आणि तिथे गिटारी करू लागला. हुलियान आर्कास या नामांकित वादकाचं प्रोत्साहन मिळालं. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं. आणि नाव झालेलं असताना, १८७० च्या आसपास, त्याने कारखाना बंद केला, आल्मेरियाला परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. ज्याच्या गिटारी पुढे संग्रहालयांत काचेआड बसल्या तो माणूस काही वर्षं गिऱ्हाइकाला बशा दाखवत होता. गिटारवर घर चालत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. १८७५ च्या सुमाराला त्याने पुन्हा रंधा हातात घेतला आणि आतल्या चिठ्ठीवर ‘दुसरा कालखंड’ असं छापून घेतलं. १८९२ मध्ये गेला तोवर तो गिटारी करतच होता.

तोर्रेसने केलं काय? खोकं रुंद केलं. तबली सपाट न ठेवता तिला किंचित फुगवटा दिला. तारेची लांबी ६५० मिलिमीटरवर स्थिरावली. आजही जगभर हाच आकडा चालतो. आणि तबलीच्या आतल्या अंगाला स्प्रूसच्या सात बारीक पट्ट्या हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरून चिकटवल्या. पंख्याची कल्पना त्याची नव्हती, स्पेनमधल्याच कादिसचे कारागीर अठराव्या शतकातच ती वापरत होते. पण या काड्यांच्या आधाराने तबली आणखी पातळ करता येते, हे त्याने शेवटापर्यंत नेलं. नवं काही न शोधता सगळं जागेवर बसवणारी माणसं असतात, तोर्रेस त्यातला.

आता पुठ्ठ्याची गोष्ट. १८६२ मध्ये तोर्रेसने एक गिटार केली. तबली नेहमीसारखी स्प्रूसची, पण पाठ आणि कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्याला काय दाखवायचं होतं ते उघड आहे. आवाज तबलीत आहे, बाकीचं खोकं आहे.

बाजारात मात्र आजही खोकंच विकलं जातं. दुकानात गेलात की विक्रेता पाठ उलटी करून शिसवाच्या रेषा दाखवतो. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. गिटारी पोलादी तारांच्या होत्या, क्लासिकल नव्हत्या, पण प्रश्न तोच. एकाच नमुन्याच्या सहा गिटारी, फरक फक्त पाठ आणि कडांच्या लाकडाचा. लाकडं महागड्यापासून स्वस्तापर्यंत. ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. कोणती महागड्या लाकडाची हे त्यांना धडपणे ओळखता आलं नाही, आणि आवाजाला दिलेले गुणही जवळपास सारखेच निघाले. पाठीच्या लाकडाचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही, जड ताठ पाठ आणि हलकी पाठ यांत फरक पडतो. पण त्या फरकासाठी जे पैसे मोजले जातात, ते बहुतेक डोळ्यांसाठी मोजले जातात.

आणि ते डोळ्यांचं सुख पुरवतो आपला सह्याद्री. गिटारच्या पाठीसाठी पूर्वी ब्राझीलचा शिसव मानाचा. जंगलं उजाड झाली, १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास बंदी आली, आणि दक्षिण भारतातल्या पश्चिम घाटाचा काळा शिसव त्याच्या गादीवर बसला. वाड्यातल्या शिसवी पलंगाचं तेच लाकूड दोन मिलिमीटर जाडीचं होऊन माद्रिदमध्ये गिटारची पाठ होतं. २०१७ पासून यालाही परवान्यांची कुंपणं आली. त्याचा जाच इतका झाला, की तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट द्यावी लागली. पॉलिशची लाखही मुख्यतः आपल्याच झारखंड-छत्तीसगडची. दांडीचं लाकूड दक्षिण अमेरिकेतलं असलं, तरी ते झाड आपल्या तूनचं आणि कडुनिंबाचं कुळबंधू आहे. मिरजेची सतार याच तूनच्या लाकडाची होते.

तोर्रेसच्या रहस्याबद्दल विचारण्याची सवय त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. आल्मेरियात त्याच्या ओळखीचे एक पाद्री होते, हुआन मार्तिनेस सिरव्हेंत. त्यांनी १९३१ मध्ये एका पत्रात जेवणाच्या पंगतीतला प्रसंग लिहून ठेवला आहे. पाहुण्याने रहस्य विचारलं, तेव्हा म्हातारा तोर्रेस म्हणाला की ते माझ्याबरोबर थडग्यात जाणार, कारण ते आहे अंगठा आणि तर्जनीच्या टोकात. तबली हवी तशी उतरली की नाही हे ती दोन बोटं डोक्याला सांगतात. ऐकायला हे टाळाटाळीचं उत्तर वाटतं. मला ते शब्दशः खरं वाटतं. पुरण शिजलं की नाही हे उलथनं उभं करून बघणारी बाई काही लपवत नसते.

तोर्रेस कोणताही कागद मागे ठेवून गेला नाही, म्हणून पुढच्यांनी त्याच्या गिटारीच वाचल्या. म्युनिकच्या हेर्मान हाउझरला १९२० च्या दशकात मिगेल योबेट या वादकाची १८५९ ची तोर्रेस बघायला मिळाली आणि त्याच्या कामाचं वळण बदललं. या जर्मन माणसाने १९३७ मध्ये केलेली गिटार आंद्रेस सेगोव्हियाने पुढची पंचवीस वर्षं मैफलीत वाजवली. ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये इस्पितळात नोकरीसाठी गेलेला होसे रोमानियोस नावाचा स्पॅनिश माणूस हौसेने गिटारी करू लागला, जुन्या गिटारी आरशाने आतून बघत शिकत गेला. वादक ज्युलियन ब्रीमने त्याची १९७३ ची गिटार हातात घेतली आणि तो जगाला कळला. १९८७ मध्ये तोर्रेसचं चरित्र याच रोमानियोसने लिहिलं.

स्पॅनिश पद्धतीत गिटार पालथी घडते. सोलेरा नावाच्या पाटावर तबली तोंड खाली करून ठेवतात. पाटाला मधोमध उथळ खळगा असतो, त्यातूनच फुगवटा येतो. दांडी आधीच बसवायची, नंतर नाही. दांडीच्या टाचेला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यांत कडा सरकतात. कडा वाकवण्याचं काम बघण्यासारखं असतं. तापलेल्या लोखंडी नळीवर ओली पट्टी दाबून धरायची, वाफ निघते, शिसवाचा गोडसर तिखट वास सुटतो आणि एका क्षणी लाकूड हट्ट सोडतं. तो क्षण मनगटाला कळतो. घाई केली तर कड् असा आवाज येतो आणि पट्टी सरपणात जाते. मग तबली आणि कडा यांच्या कोनात हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरा मोठे लाकडी ठोकळे एकेक करून बोटाने दाबत बसवायचे. चिकटवायला सरस, तोच जनावरांच्या कातड्या-हाडांचा, दुहेरी भांड्यात गरम केलेला. आधुनिक डिंक जास्त पक्के असतात. पण सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनी कोणीतरी गिटार उघडून दुरुस्त करू शकतो. उघडता येणं हा इथे गुण आहे.

पडद्यांचं गणित कोरडं आहे, पण त्यात एक गंमत दडलेली आहे. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारचे १९ पडदे एकदा ठोकले की कायमचे. ६५० मिलिमीटरला १७.८१७ ने भागलं की ३६.५ येतात, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, दुसरा पडदा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ वर येतो. हे अपूर्णांक हाताशी नव्हते त्या काळात, १५८१ मध्ये, फ्लॉरेन्सच्या व्हिन्चेन्झो गॅलिलेईने सांगितलं की सरळ १८ ने भागा. या हिशेबाने बारावा पडदा अडीच मिलिमीटर अलीकडेच थांबतो, म्हणजे सूर उतरा लागायला हवा. पण तार पडद्यावर दाबली की ती जराशी ताणली जाते आणि सूर चढतो. चुकीने चूक बरीचशी भरून निघते. हे व्हिन्चेन्झो म्हणजे दुर्बिणवाल्या गॅलिलिओचे वडील.

शेवटी पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोंडीने फिरवत, शेकडो फेरे, मध्ये दिवस-दिवस वाळू देत. थर इतका पातळ की तबलीला ओझं होऊ नये. कारखान्यातला फवारा अर्ध्या तासात याहून चकचकीत काम करतो आणि तबलीला जाड कातडं चढवतो.

वाजवणाऱ्याकडे वळू. डावा पाय छोट्या पाटावर, गिटार डाव्या मांडीवर, दांडी तिरपी वर. सतारिया तारेची नखी बोटात चढवतो. गिटारिस्टची नखं हीच त्याची नखी. ती तो बारीक पॉलिश पेपरने घासतो आणि काचेच्या भांड्यासारखी जपतो. मैफलीआधी नख तुटलं तर टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवणारे वादक आहेत. नख हवं की नको यावर १९व्या शतकात दोन तट होते. पॅरिसमध्ये फेर्नांदो सोर नखाशिवाय वाजवायचा, त्याचा मित्र दियोनिसियो आग्वादो नखाने. भांडण मैत्रीच्या आड आलं नाही. दोघांनी मिळून वाजवावं म्हणून सोरने एक युगलवादन लिहिलं आणि त्याचं नावच ‘दोन मित्र’ असं ठेवलं.

छेडण्याच्या दोन रीती. एकीत बोट तार छेडून हवेत निघून जातं. दुसरीत ते शेजारच्या तारेवर येऊन टेकतं. टेकणाऱ्या बोटाने तार तबलीच्या दिशेने दाबली जाते, तबली जास्त हलते, सूर जाड येतो. म्हणजे कारागिराने अडीच मिलिमीटरमध्ये जे साठवलं ते बाहेर काढायचं की नाही, हे बोटाच्या कोनावर ठरतं. फ्रान्सिस्को तार्रेगाने या टेकत्या बोटाला मोठं केलं. तो तरुणपणी तोर्रेसकडे गिटार घ्यायला गेला तेव्हाचा किस्सा सांगतात. तोर्रेसने त्याला आधी एक साधी गिटार दिली, त्याचं वाजवणं ऐकलं, आणि आत जाऊन १८६४ ची स्वतःजवळ ठेवलेली गिटार आणून त्याच्या हातात दिली.

त्या काळी वरच्या सुरांच्या तीन तारा आतड्याच्या असत. घामाने फुगत, मैफलीत तुटत. दुसऱ्या महायुद्धात आतडं जखमा शिवायला लागू लागलं आणि तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कचा आल्बर्ट ऑगस्टिन नायलॉनच्या धाग्याच्या मागे लागला, सेगोव्हियाने ते वाजवून पाहिले, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आतडं मागे पडलं. पुढच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमनने पंख्याच्या जागी जाळी बसवली, बाल्सा लाकूड आणि कार्बन फायबरची, आणि तबली आणखी पातळ केली. आवाज खूप मोठा झाला. वादक जॉन विल्यम्सने ती उचलून धरली. माझ्या कानाला तो आवाज एकसारखा वाटतो. तोर्रेसच्या वळणाची गिटार घोडीजवळ छेडली की खडखडीत आणि भोकावर छेडली की मधाळ होते, तो फरक मला इथे कमी ऐकू येतो. हे मत आहे, दुसऱ्याचं वेगळं असेल.

आता ज्यांना अशी गिटार घ्यायची आहे किंवा घरात आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. लाकूड आडव्या अंगाला ओलाव्याने फुगतं आणि कोरडेपणाने आकसतं. बहुतेक कारागीर ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत गिटार जोडतात. मुंबई-कोकणातला जुलै त्याच्या कितीतरी वर, आणि पुणे-नागपुरातली एप्रिलची दुपार कितीतरी खाली. माझ्या गिटारची तबली एका मे महिन्यात भिंतीवर टांगलेल्या जागीच चिरली, घोडीपासून खालपर्यंत, केसाएवढी. कारागिराने आतून स्प्रूसच्या चिपा लावून ती बुजवली. दोष भिंतीचा नव्हता, टांगणाऱ्याचा होता. गिटार पेटीत ठेवा, पेटीत दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवा, आणि काटा ४० च्या खाली गेला की साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला स्पंज घालून शेजारी ठेवा. घोडीखालचा सरस साठ-पासष्ट अंशांना नरम पडतो, आणि तिला चाळीस किलोंची ओढ तेव्हाही चालूच असते. उन्हात उभी असलेली बंद गाडी तेवढी तापू शकते. गिटार गाडीत सोडून जेवायला जाऊ नका.